रेडिएटरवरची शाल

"आकडा पाचावर ठेवलाय, तरी माझी खोली गार! आणि तुमचा तिनावर असून इथे ही ऊब! हा कुठला न्याय, माई?"

हेरंबशास्त्री सकाळी सकाळीच रेवामाईंच्या दारात उभे होते. नाक लाल, कानटोपी भुवयांपर्यंत.

हिमालयातल्या त्या लहानशा मठात प्रत्येक खोलीत गरम पाणी खेळवणारा रेडिएटर होता आणि त्याला एक ते पाच आकड्यांची चावी. थंडी वाजली की शास्त्रीबुवा चावी फिरवून पाचावर नेत. पाचानंतर काय करायचे, हे त्यांच्या कुठल्याच पोथीत नव्हते.

खरे तर थंडीपेक्षा त्यांना दीक्षेची काळजी होती. महिना झाला, माई हो म्हणेनात, नाही म्हणेनात. उद्या निघायचे होते. गावी दीक्षेच्या सत्काराचा मंडपसुद्धा ठरून गेलेला!

मठाच्या गुरू असलेल्या माई ऐंशीच्या घरातल्या, मूळच्या वाईच्या. काठी टेकत त्या शास्त्रीबुवांच्या खोलीत आल्या.

रेडिएटरवर जरीकाठी शाल ऐटीत पसरली होती, चावीसकट सगळे झाकून.

"ही कुठली रे?"

"विद्वत्सभेतली. सत्काराची. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून..."

माईंनी शालीखाली हात घातला.

"इथे तर छान ऊब आहे की!"

"तिथे असेल. खोलीत नाही ना!"

"अरे, ही चावी आपल्या भोवतालची ऊब बघते. पुरेशी वाटली की पाणी बंद करते. शालीखाली तिला लगेच पुरेशी वाटते. मग तू पाचावर ने, नाहीतर पन्नासावर."

माईंनी शाल ओढली, घडी घालून शास्त्रीबुवांच्या हातात दिली. चावी तिनावर आणली आणि खुशाल पलंगावर मांडी घालून बसल्या.



नळ्यांतून पाणी खळखळले. हळूहळू शास्त्रीबुवांनी कानटोपी काढली. मग स्वेटरही काढला. आणि मग त्यांना हसू फुटले, स्वतःचेच, महिन्याभरात पहिल्यांदा. माईही खुदुखुदु हसल्या. त्या हसताहेत हे पाहून शास्त्रीबुवांनी धीर केला.

"माई, माझ्या दीक्षेचं...? माझी तयारी पुरती झालीय. आतून अगदी जाणवतंय मला."

माईंनी चावीवर हलकेच बोट टेकवले.

"हिलाही तसंच वाटत होतं."