कोरी धूळपाटी

ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. गोष्ट मात्र शेवटपर्यंत ऐका.

खूप जुन्या काळी एका राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी एक विद्यापीठ होतं. तिथं वैद्यकी शिकणाऱ्यांनाही गणितात पास व्हावं लागे, कारण मात्रा चुकली की औषधाचं विष होतं. प्रत्येकापुढे एक लाकडी पाटी असे, तिच्यावर चाळलेली बारीक धूळ. बोटानं आकडे काढायचे, तळहातानं पुसायचे.

तिथं एक तरुण होता. वनस्पती नुसत्या वासावरून ओळखायचा, नाडी अचूक बघायचा. पण गणिताची त्याला भारी भीती. बोट धुळीपर्यंत जायचं आणि वरच थांबायचं. चुकलं तर सगळे बघतील, या धास्तीनं तो गुरुजींनी सोडवलेली गणितंच पाठ करत बसे.

त्याच्या गावाला वैद्य नव्हता. तो वैद्य होऊन येईल, म्हणून गाव वाट बघत होतं. आणि आठ दिवसांवर भर सभेत परीक्षा होती. नापास होईल त्यानं घरी जायचं.

एका दुपारी पाट्यांची धूळ बदलणारी मावशी आली. त्याची पाटी बघून म्हणाली, "काय रे लेका, महिना झाला, तुझी धूळ जशीच्या तशी! पूजेला मांडलीयस का?"

तो ओशाळला. "मला गणित येत नाही, मावशी. तो पहिला येणारा बघा, कधी चुकत नाही."

मावशी खो खो हसली. "तो? अरे, पुसून पुसून त्याची निम्मी धूळ जमिनीवर असते. झाडून झाडून माझी कंबर मोडली. तुम्हा सगळ्यांत जास्त चुकतो तोच!"

तरुणानं उपरणं बाजूला ठेवलं आणि बोट धुळीत घातलं. पहिलं गणित चुकलं. पुसलं. दुसरंही चुकलं. पुसलं. आठ दिवस त्यानं हेच केलं. भीती गेली नाही, पण तिला शेजारी बसवून तो आकडे काढत राहिला.

परीक्षेत गुरुजींनी विचारलं, "पाच रोगी. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी एक पेला काढा द्यायचा. पाणी आटून आठवा भाग उरतो. तर सुरुवातीला पाणी किती?"

त्यानं तीस पेले मांडले आणि आठानं भागले. सभेत खसखस पिकली. "पावणेचार पेले पाण्यात तीस पेले काढा? वाहवा, वैद्यबुवा!"

त्याचे कान तापले. पण त्यानं पुसलं. या वेळी घाईत पंधराच पेले धरले, एकशेवीस आले. "नाही," तो स्वतःशीच म्हणाला, "संध्याकाळचा पेला राहिला." पुन्हा पुसलं. पुन्हा मांडलं.

"दोनशे चाळीस पेले, गुरुजी."

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "चूक स्वतःच धरलीस, हे त्याहून मोलाचं. बस, पुढं शीक. तुझ्या गावाला वैद्य मिळणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी पुढचा धडा सांगितला आणि विचारलं, "कळलं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. तो एकटा उभा राहिला. "नाही कळलं, गुरुजी. पुन्हा सांगा." तेव्हा मागच्या दहा-बारा जणांनी हळूच सुटकेचा निःश्वास सोडला.

तात्पर्य: चुकायला भिणारा आहे तिथंच राहतो; चूक पुसून पुन्हा मांडणारा पुढं जातो.