‘येते’ म्हणून गेलेली राणी

एका राज्यात दारं मिटत नव्हती. राजवाड्याची नाहीत, गोठ्याचीही नाहीत. कडी घालावी, तर ती गळून पडे. वारा घरभर फिरे आणि चुलीवरचं अन्न ताटात येईतो गार होई. हा शाप होता, आणि तो ओढवून घेतला होता खुद्द राजा धवलसेनानं.

त्याची राणी आजारपणात वारली, तेव्हा लेक इंदुलेखा सात वर्षांची. राणी शेवटचं एवढंच बोलली होती, “येते हं, बाळ.” निघताना ‘जाते’ म्हणतं का कुणी आपल्यात? पोरीनं मात्र ते खरं धरलं. राजा रणात शूर खरा, पण लेकीपुढं त्याची जीभ रेटेना. आई माहेरी गेलीय, येईल, असं त्यानं सांगून टाकलं. त्याच घटकेला राज्यातली सगळी दारं सताड उघडली.

तेव्हापासून इंदुलेखा उंबऱ्यावर बसून राही. सख्या खेळायला बोलवीत. ती म्हणे, आई आली आणि मी नसले तर? दोन वर्षं लोटली, सख्या यायच्या थांबल्या. फार एकटी पडली हो ती पोर.

एके दिवशी वळचणीची साळुंकी माणसासारखं बोलली. आई कधी येणार ते तळ्यापलीकडच्या मांत्रिकाला विचार, म्हणाली. इंदुलेखा गेली. मांत्रिकानं सांगितलं म्हणून तिनं मगरीच्या दाढेतला मोती आणला, जळत्या झाडावरचं फळही आणलं. मग तो म्हणाला, “आता बापाला विचार, आई कधी येणार. उत्तर मिळेतो हात सोडू नकोस.”

हे तिसरं काम मात्र तिला सगळ्यांत अवघड वाटलं. कारण मनातून तिला उत्तर ठाऊक होतं.

तिनं राजाचा हात धरला आणि विचारलं. राजानं नजर चुकवली, दरबाराचं निमित्त काढलं, हात सोडवून पाहिला. ती सोडेना.

“येणार नाही, इंदू,” राजा अखेर म्हणाला. “आई वारली. मला सांगवलं नाही.”

दोघं उंबऱ्यावर बसून पोटभर रडली. रडता रडता मागं एकेक दार आपसूक मिटत गेलं. त्या दिवशी वाड्यात सगळे ऊन ऊन जेवले आणि कितीतरी वेळ राणीबद्दलच बोलत बसले.

सकाळी सख्यांकडे निघालेली इंदुलेखा दारात अडखळली. तो शब्द तोंडातून निघेना. राजा वाट पाहत उभा राहिला.

“येते, बाबा.”

“ये, बाळ.”

आणि दिवेलागणीच्या आत ती परत आली.