खांदा बदलायची जागा

“...म्हणजे माझा भाऊ एकटाच मेला का?”

भटूने हे दवाखान्यात विचारलं होतं, जीपच्या ड्रायव्हरला विचारलं होतं, एकदा आईसमोरही तोंडून निघून गेलं होतं. कुणी मान फिरवली, कुणी बिडी पेटवली.

भाऊ युवराज हापशांचा मिस्त्री. सातपुड्यातल्या ह्या पाड्यावरचा बंद पडलेला हापसा दुरुस्त करायला वर आला आणि चादरीत गुंडाळून घरी परतला.

म्हणून भटू आज तीच पायवाट चढून आला होता. पाय सोलवटले होते, डोकं तापलं होतं. वाटेच्या कडेला ठिकठिकाणी दगडांच्या राशी रचून ठेवलेल्या. चिडून त्याने त्यांतली एक, वळणावरच्या मोहाखालची, लाथेने उधळूनही दिली होती.

आता तो डायासमोर उभा होता. पाड्यातल्या जाणत्या म्हाताऱ्याला तिकडे डाया म्हणतात. ह्याचं नाव नुरजी. दारात बसून टोपली विणत होता.

नुरजीच्या सुनेने पाण्याचा लोटा पुढे केला. भटूने तो हाताने झिडकारला. पाणी मातीत सांडलं.

“पाणी नको. उत्तर पाहिजे.”

सून रिकामा लोटा उचलून आत गेली. डाया ओल्या मातीकडे पाहत राहिला.

“गेलेल्याची गोष्ट आम्ही दारात बसून सांगत नाही. जिथे घडली तिथे जाऊन सांगतो. चल.”

“कुठे?”

“आलास त्याच वाटेने.”

“अहो, आत्ता चढून आलोय मी! पाय बघा माझे.”

“माझे तुझ्याहून म्हातारे आहेत,” म्हणत डाया उठलाही.

...

उतारावर पहिली रास लागली. डाया थांबला.

“हा देव आहे का तुमचा?” भटूने तुसडेपणाने विचारलं.

“नाही रे. खांदा बदलायची जागा. आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून खाली न्यायचं. दमलं की झोळी टेकवायची, दुसऱ्यांनी खांदा द्यायचा. ज्याने दिला त्याने एक दगड ठेवायचा. ही रास तुझ्या भावाची.”



“ताप डोक्यात चढला होता. त्यात गडी जड. भाकरी बरी खायचा.” डाया हसला. “इथे म्हणाला, मला उतरवा, मी चालतो. आमचा रेहंग्या म्हणाला, मिस्त्री, गप पडून राहा, नाहीतर पुढच्या चढाला तुलाच आम्हाला उचलायला लावू.”

भटूला हसू आलं. आलं तसंच ते ओठांवर मोडलं.

ओढ्यापाशी दुसरी रास.

“इथून बायकांनी खांदा दिला. गडी पुरेनात. तो वरचा दगड माझ्या सुनेचा.”

मघाचा रिकामा लोटा भटूच्या डोळ्यांपुढे आला. पुढे त्याची पावलं जड होत गेली. वळणावरचं मोहाचं झाड त्याने लांबूनच ओळखलं.

झाडाखाली दगड इतस्ततः पडले होते.

डाया उभाच राहिला.

“हे कुणी केलं? गुरांनी?”





“मी,” भटू म्हणाला. “मला माहीत नव्हतं. नुसती चीड आली होती...”

डाया रागावला नाही. झाडाला पाठ टेकून खाली बसला. फार दमल्यासारखा दिसत होता.

“इथे गेला तो. माझ्या मांडीवर डोकं होतं. बाकीचे सगळे भोवती.”

तोही बसला.

“काही म्हणाला?”

“‘हापशाला पाणी आलं का?’ सारखं तेच. ताप भरला तेव्हा पाना हातातच होता त्याच्या.”

“मग तुम्ही काय सांगितलं त्याला?”

डायाने डोळे मिटले होते...

भटू उठला. लांब गेलेले दगड शोधून आणले, एकावर एक रचू लागला. रास ढासळली. त्याने पुन्हा रचली. पुन्हा ढासळली. तो शिवी हासडून रडला आणि पुन्हा रचायला बसला.

“नाही जमत. होती तशी नाही होत.”

“तशी कशाला? तुझा दगड कुठे होता तेव्हा तिच्यात?”

भटूने आजूबाजूला पाहिलं. एक दगड उचलला, शर्टाने पुसला आणि सगळ्यांत वर ठेवला. रास हलली. थांबली.

“बाबा...” पहिल्यांदाच त्याने म्हाताऱ्याला हाक मारली. “तेवढं सांगा. आलं होतं का पाणी?”

डायाने हात पुढे केला. भटूने त्याला धरून उठवलं, आणि हात तसाच आपल्या खांद्यावर घेतला.

“चल वर,” डाया म्हणाला. “मघाशी तू सांडलंस, ते पाणी त्याच्याच हापशाचं होतं.”