बहुरूप्याची साक्षीदार

केतकीपूर नावाचं एक नगर होतं. आटपाट होतं की नाही ते मला ठाऊक नाही, पण फुलांचं मात्र होतं. कुंपणाकुंपणावर जाई चढलेली, वाटेवर बकुळीचा सडा, आणि दारादारात झेंडूचे पिवळेधमक गोंडे. एवढ्या फुलांच्या गावात सगुणाच्या आईला एकही फूल धड दिसत नव्हतं.

आई हार ओवून पोट भरायची. हळूहळू तिचे डोळे मंदावले. मग सुई फुलात शिरायची सोडून बोटात शिरू लागली. मोगऱ्याच्या शुभ्र हारात लाल ठिपका दिसला की सगुणा ते फूल हळूच काढायची आणि दुसरं लावायची.

"सगू, हार शोभतोय ना गं?" आई विचारायची.

"छान शोभतोय," सगुणा म्हणायची. ते खोटं नव्हतंच मुळी. चिमुकल्या सगुणाला आईचा प्रत्येक हार शोभिवंतच वाटायचा.

नगरात एक न्यायालय होतं. न्यायालय म्हणजे जिथे खरं काय नि खोटं काय याचा निवाडा होतो ती जागा. त्याच्या मागे बाग होती आणि बागेच्या टोकाला निळं निळं तळं. एका दुपारी सगुणा तिथे गळून पडलेली फुलं वेचत होती. इतक्यात केवड्याच्या बनातून इवलासा आवाज आला, "कुणी सोडवेल का मला?"

सगुणाने वाकून पाहिलं. केवड्याच्या काट्यांत एक परी अडकली होती! अंगठ्याएवढी परी, पहाटेच्या आभाळाच्या रंगाचा झगा आणि चमचमते पंख. सगुणाने एकेक काटा अलगद दूर केला. हात ओरबाडले, पण झगा कुठे फाटू दिला नाही.

"गुणाची गं माझी बाय," परी म्हणाली. "जो मला पाहतो, त्याला एक इच्छा मिळते. स्वतःसाठी माग, नाहीतर दुसऱ्यासाठी."

"माझ्या आईला दिसू दे," सगुणा म्हणाली. तिला विचार करावाच लागला नाही.

परीने तिच्या तळहातावर एक रुपेरी कळी ठेवली. "पौर्णिमेच्या सकाळी ही उमलेल आणि आईला दिसू लागेल. पण नियम ऐक. तोवर आपल्या भेटीचं कुणाला सांगायचं नाही. सांगितलंस तर कळी कोमेजेल. मग ती इच्छा मलाही परत देता येणार नाही."

सगुणा घरी निघाली. वाटेत तळ्याकाठच्या बकुळीखाली रायाजीबाबा ती आली तेव्हासारखेच घोरत पडले होते. तोंडावर पागोटं, पायाशी सोंगांचं गाठोडं. सगुणाला हसू आलं. त्यांची झोप मोडू नये म्हणून ती चवड्यांवर चालत गेली.

रायाजीबाबा बहुरूपी होते. बहुरूपी म्हणजे रोज नवं सोंग घेणारा माणूस. कधी शंकर होऊन यायचे, तर कधी कोतवाल होऊन दरडावायचे, "लग्नात आम्हाला जेवायला बोलावलं नाही, चला चावडीवर!" लोक पोट धरधरून हसायचे. कालच ते न्यायाधीश होऊन आले होते. कापसाची दाढी लावून त्यांनी न्यायालयातली चांदीची घंटा वाजवली होती आणि एका लाडवाला पोटात कोंडायची शिक्षा दिली होती.

आणि आज दुपारी तीच घंटा नाहीशी झाली.

झालं, सगळ्यांची बोटं बाबांकडे वळली. एखाद्याने गुन्हा केला असं म्हणणं म्हणजे आरोप, आणि ज्याच्यावर आरोप तो आरोपी. दुसऱ्या दिवशी आरोपी म्हणून बाबा न्यायालयात उभे राहिले. आज सोंग नव्हतं, साधं धोतर होतं.

"मी घंटा नेली नाही, महाराज," ते म्हणाले. "दुपारभर तळ्यावर झोपलो होतो."

"बघा, आज निरपराध माणसाचं सोंग आणलंय," कुणीतरी म्हणालं, आणि लोक नेहमीसारखे हसले. बाबांचे डोळे भरून आले. लोकांना तेही सोंगच वाटलं.

"चोरी ठरली तर तुम्हाला नगर सोडावं लागेल," न्यायाधीश गंभीरपणे म्हणाले. "तुम्हाला तिथे झोपलेलं कुणी पाहिलं? कुणी साक्षीदार आहे?"

साक्षीदार म्हणजे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि जो ते सांगायला पुढे येतो तो. सगुणा गर्दीत आईचा हात धरून उभी होती. उद्याच पौर्णिमा होती. कनवटीला कळी होती. एक दिवस गप्प बसलं की आईला दिसणार होतं. पण तोवर बाबा वेशीबाहेर गेले असते.

"मी पाहिलं," ती म्हणाली.

केतकीपुरात साक्षीआधी बेलभंडार उचलायची रीत होती. बेलाचं पान आणि चिमूटभर हळद हातात घ्यायची आणि शपथ घ्यायची. शपथ म्हणजे देवाला आणि स्वतःला दिलेला शब्द. सगुणा म्हणाली, "खरं सांगेन, सगळं सांगेन, पदरचं काही घालणार नाही." मग तिने बकुळीखालची गोष्ट सांगितली.

आरोप करणाऱ्यांचे वकील उठले. वकील म्हणजे एकेका बाजूने बोलणारा माणूस. "बाळ, भर उन्हात तू तळ्यावर इतका वेळ काय करत होतीस?"

फुलं वेचत होते, एवढंच सांगता आलं असतं. तेही खरंच होतं. पण सगळं नव्हतं. सगुणाने हातातल्या पिवळ्या हळदीकडे पाहिलं, मग आईकडे. आणि तिने परीचं सांगून टाकलं.

कनवटीची कळी तिथल्या तिथे वाळली. सगुणाने ती बाहेर काढली, आणि ती ढसाढसा रडू लागली. "आता माझ्या आईला दिसणार नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात दारापाशी धाडकन काठी पडली. येसबा चोपदाराने, न्यायालयाच्या राखणदाराने, हात जोडले होते. "महाराज, घंटा मी घासायला नेली. हातातून निसटून विहिरीत पडली. भ्यालो आणि गप्प बसलो. एवढंसं लेकरू सगळं घालवून खरं बोललं, आता माझ्याच्याने गप्प बसवत नाही."

आपली चूक आपण होऊन सांगणं म्हणजे कबुली. येसबाने विहिरीतून घंटा काढली. तो पुरावाच होता, म्हणजे खरं काय ते दाखवणारी खूण. न्यायाधीशांनी निकाल दिला, "रायाजी निर्दोष आहेत." निर्दोष म्हणजे ज्याने काही चूक केलेली नाही असा. येसबाला त्यांनी महिनाभर बागेला पाणी घालायला लावलं. मग स्वतः खाली उतरून त्यांनी बाबांची माफी मागितली, आणि हसणारे सगळे माना खाली घालून उभे राहिले.

संध्याकाळी बाबा सगुणाला आणि आईला घेऊन तळ्यावर गेले. "परीला विनवून बघू," ते म्हणाले. पाण्यावर सोनेरी, गुलाबी ठिणग्या नाचल्या, आणि परी कमळावर उतरली.

"नियम तो नियम, सगू," ती हळुवारपणे म्हणाली. "तुझी इच्छा गेली. पण बाबा, तुम्ही मला आज पाहिलंत. तुमची इच्छा सांगा."

बाबा म्हणाले, "परीबाई, जन्मभर एकच मागणं होतं. सोंग उतरवून बोलेन तेव्हा कुणीतरी माझं खरं मानावं. ते या पोरीने आज भरल्या न्यायालयात दिलं. आता माझ्यासाठी मागायला काही उरलं नाही. हिच्या आईला दिसू दे."

परी हसली. तिच्या पंखांतून चांदणचुऱ्यासारखा उजेड सांडला, वाढत वाढत सगळं तळं लखलखलं, आणि त्या उजेडातच ती विरून गेली.

आईने डोळे चोळले. तिला निळं तळं दिसलं, पांढरी कमळं दिसली. पण ती तिकडे बघतच राहिली नाही. तिने सगुणाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग तिचे ओरबाडलेले हात पाहिले, आणि त्यांवर फुंकर घातली.

"बाबा, तुमचे उपकार कसे फेडू?" ती म्हणाली.

"मी तर परतफेड केली, ताई," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईने पहिला हार ओवला. पांढराशुभ्र, एकही लाल ठिपका नसलेला. तो सगुणाने रायाजीबाबांच्या गळ्यात घातला. सगुणाच्या आईला जसं दिसू लागलं, तसं तुम्हाआम्हाला खरं दिसो, आणि दिसलं की सांगायचं बळ येवो.