दोन दारं वजा

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याचा दरबार चिंचेखाली भरे. सभामंडप होता, सिंहासनही होतं, पण मंडपाच्या तीन भिंती उघड्याबोडक्या होत्या. त्यांवर गिलावा टिकत नसे, आणि तो टिकेपर्यंत सिंहासन राजाला बसू देत नसे, उचलून खाली टाकी. राजाच्या पणजोबांना एका जादूगाराने शाप दिला होता: "प्रत्येक भिंतीचा माल एकदाच मागाल. उरला तरी बुडाल, कमी पडला तरी बुडाल." शाप साऱ्यांना पाठ होता. तो कशापायी मिळाला, हे मात्र कुणालाच आठवत नव्हतं. थोरामोठ्यांच्या घरी असंच असतं.

गवंडी आले, चुकले आणि चुन्याचे पुतळे झाले. शेवटचा धारोजी. त्याच्यासारखी थापी राज्यात कुणाची चालत नसे. दोन भिंती त्याने जिंकल्या, पण तिसरीला ओंजळभर चुना कमी पडला. तत्क्षणी सगळा गिलावा गळून पडला, आणि धारोजी हातात थापी धरून पांढराफटक उभा राहिला.

त्याची भाची सोनकी त्याच्याच हाताखाली काम शिकत होती. आईबाप नसलेली पोर. मामा हेच तिचं घर. ती चिंचेखाली येऊन उभी राहिली.

"महाराज, भिंती मला द्या."

"किती शिकलीस?"

"अर्धं."

"आणि उरलेलं?"

"मामाचा पुतळा झाला, तिथं अडलं. त्याला परत न्यायला आलेय."

राजा मनाने भला होता. चिंचेचा एक आकडा मुकुटावर आपटला, तो त्याने शांतपणे काढून ठेवला. "जा," तो म्हणाला, "पण जपून."

पहिली भिंत सरळ, सपाट होती. सोनकीने दोरीने लांबी-उंची घेतली, बोटाने गिलाव्याची जाडी ठरवली. माल मागणार, तोच तिला मामाचं बोलणं आठवलं: "सुका ढीग नुसता फुगलेला असतो गं. पाणी पडलं की बसतो." तीन घमेली ओला गिलावा हवा, तर चुना-वाळू मिळून चार घमेली घ्यावी, हा त्याचा हिशेब. तिने तसाच माल मागितला. शेवटचा हात फिरला आणि घमेलं रिकामं झालं.

दुसरी भिंत ओबडधोबड दगडांची, आणि तिचे सांधे खोल. ते किती गिलावा खातील कोण जाणे! सोनकीने हातभर चौकोन आखला, त्यातले सांधे चिखलाने भरले, मग चिखल उकरून मापला. भिंतीची भूक कळली. तेवढा माल वाढवून मागितला, आणि तीही भिंत जिंकली.

तिसऱ्या भिंतीत एक दार होतं, एक खिडकी होती. गिलाव्याच्या मापातून ती वजा करायची, हे तर शिकाऊ पोरही जाणतं. मग मामासारखा माणूस चुकला कुठे? सोनकीला आता खरीखुरी भीती वाटली. तरी, गिलाव्याआधी भिंत खरवडून स्वच्छ करावी, हा धंद्यातला पहिला धडा. तिने खरवडणी उचलली.

वर कोपऱ्यात मातीचं अर्धंमुर्धं घरटं होतं. शेजारी तुळईवर चोचीत चिखल धरून एक पाकोळी बसली होती. बोलण्यासाठी तिने आधी चिखल खाली ठेवला.

"खरवड, मुली. साऱ्यांनी खरवडलं. तुझ्या मामानेही."

"मग चुना कमी का पडला, पाकोळीबाई?"

"ते मी सांगितलं तर शाप मोडत नाही."

पाकोळीने चिखल पुन्हा चोचीत घेतला. पण ती घरट्याकडे जाईना. खरवडणी खाली जाण्याची वाट पाहत बसली. सोनकी तिच्याकडे पाहत राहिली. तिला घर नसणं ठाऊक होतं. तिने खरवडणी खाली ठेवली.

"माल द्या," ती प्रधानाला म्हणाली. "एक खिडकी वजा, दोन दारं वजा."

"दार तर एकच आहे."

"एक महाराजांचं. एक हिचं."

घरट्याच्या कडेशी शेवटची थापी बसली. घमेल्यात कणभरही उरलं नाही, आणि भिंतीला कणभरही हवं नव्हतं.

"पणजोबांनी पहिल्यांदा माझं घर खरवडलं," पाकोळी म्हणाली. "जादूगार माझा मानलेला भाऊ. तेव्हापासून माझ्या जागेवर लावलेला चुना भिंत गिळून टाकी. आता गिळणार नाही."

पुतळ्यांना तडे गेले, पापुद्रे गळाले, आणि सारे गवंडी शिंकत शिंकत जिवंत झाले. धारोजीने डोळे चोळले. आधी भिंत पाहिली, मग भाची.

"पोरी, कोपरा खरवडायचा राहिला."

"राहिला नाही, मामा. ठेवला."

धारोजीने पुन्हा वर पाहिलं. पाकोळी घरात शिरत होती. त्याने आपली थापी सोनकीच्या हातात दिली आणि तिच्या डोक्यावरून चुन्याचा पांढरा हात फिरवला.

राजा सिंहासनावर बसला, आणि सिंहासन हललं नाही. वरून पाकोळीने जे टाकायचं ते टाकलं. तेव्हा राजछत्र कशासाठी असतं, हे दरबाराला कळलं. गोष्ट मापून आणली होती, तेवढी लागली. घमेलं रिकामं.