जुईची खुर्ची

“मग चुकलं कुठं, मेस्त्री?”

शाल्मलीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. हरबा मेस्त्री फणसाच्या फळीवर रंधा मारत राहिले. सहा वर्षांपूर्वी सावंतवाडीच्या याच पडवीत ती त्यांच्या हाताखाली सुतारकाम शिकली होती. आज पुण्याहून आली होती ती लेकीसाठी केलेली खुर्ची घेऊन. प्रदर्शनात पहिली आलेली.

“दाखव परत.”

तिनं दाखवली. सरळ ठेवली की खुर्ची. उलटी केली की मेज. बैठक उचलली की आत खेळण्यांची पेटी.

“थरावर थर आहेत, मेस्त्री. रूपाच्या पोटात उपयोग, उपयोगाच्या पोटात पुन्हा रूप.”

प्रदर्शनात हे वाक्य भलतंच खपलं होतं. इथं, भुशाच्या वासात, ते तिचं तिलाच जरा जड झालं.

हरबांनी रंधा ठेवला. खुर्चीच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

“सांधा सापडत नाही गो. उगाच शिव्या घातल्या तुला तेव्हा.”

ती फुलली. आणि लगेच विझली.

“पण जुई बसतच नाही हिच्यात. चार वर्षांची झाली. उभ्यानं जेवते, चित्रंही उभ्यानंच काढते.”

“म्हणते काय?”

“म्हणते... ही तुझी खुर्ची आहे.”

हरबा हसले नाहीत.

“करायला किती दिवस लागले?”

“दोन वर्षं. माझी आई होती ना तिच्याजवळ.”

“आणि माप कुणाचं?”

“त्या वयाच्या मुलांचा तक्ता मिळतो. जमिनीपासून गुडघा सव्वीस सेंटिमीटर, मग त्या हिशेबानं...”

“तक्ता राहू दे. हातानं दाखव. तुझ्या जुईचा गुडघा कुठं येतो?”

यात काय एवढं! ती उकिडवी बसली. जमिनीपासून तळहात वर नेला. थांबली. थोडा खाली घेतला... पुन्हा वर.

गुडघ्यावरची खपली आठवली. ती या वर्षीची, की गेल्या?

फ्रॉक आठवला. तो तर आता तिला होतही नव्हता.

हात हवेतच राहिला.

“मेस्त्री, मला...”

हरबांनी खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली.

“खुर्ची इथंच राहू दे,” हरबा म्हणाले. “हात तेवढा तसाच घरी ने, जुईच्या गुडघ्यापाशी.”