न दिसणाऱ्या ओळी

एकदा एक शिष्य आपल्या एडिटरला, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या पडद्याला, रंग लावण्यात गढून गेला होता. गावोगावच्या नळपाणी योजनांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका वृद्ध गुरूंकडे तो शिकत असे. पोरगा बुद्धीने तल्लख, पण हौस भारी, आणि हौसेला मोल नसते. आज्ञा निळ्या, आकडे केशरी, नावे पोपटी, असा सारा पडदा त्याने लग्नमांडवासारखा सजवला. राहता राहिल्या टिपा. म्हणजे आधीच्या माणसांनी कोडच्या मध्येमध्ये साध्या भाषेत लिहून ठेवलेली वाक्ये. यंत्र ती वाचतच नाही, ओलांडून पुढे जाते. मग आपल्याला तरी त्यांची अडगळ कशाला? काळ्या पडद्यावर त्याने टिपांना इतका गडद करडा रंग दिला की त्या दिसेनाशा झाल्या.

मग त्याने एका गावच्या पंपाचा जुना प्रोग्रॅम सुधारायला घेतला. रोज सकाळी पंप बंद झाला की पुन्हा सुरू होण्याआधी तो अर्धा तास नुसता थांबे. हा वेळ वाचला तर गावाला पाणी जास्त मिळेल, असे म्हणून शिष्याने थांबण्याची ती ओळ उडवली आणि मोठ्या ऐटीत काम गुरूंपुढे ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंपघरात चालू व्हायचे होते.

गुरूंनी बराच वेळ वाचले. चूक दाखवली नाही, शाबासकीही दिली नाही. त्यांनी रंगांची मांडणी उघडली, सगळ्या आज्ञा, आकडे, नावे सरसकट तशीच गडद करडी केली आणि टिपा तेवढ्या पिवळ्याधमक करून ठेवल्या.

शिष्य हिरमुसला. "गुरुजी, सगळ्या मेहनतीवर बोळा फिरवलात की हो!"

"जे दिसतंय ते मोठ्यानं वाच."

शिष्य वाचू लागला. "हे थांबणे काढू नये. या वेळात जाळीतला गाळ काढायला माणूस विहिरीत उतरलेला असतो."

त्याची नजर उडवलेल्या ओळीच्या जागेवर गेली.

गुरू हळुवारपणे म्हणाले, "बाळा, आज्ञा चुकली तर यंत्र लगेच ओरडतं. टीप मात्र माणसानं माणसासाठी लिहिलेली असते. ती वाचली नाहीस, तर तुला कुणी हटकत नाही. रंग खुशाल लाव. पण आपल्याला काय दिसायला नको झालंय, एवढं लावताना मनाला विचारत जा."

शिष्याने ती ओळ जागच्या जागी बसवली. तरी जिवाला चैन पडेना. सकाळी तो त्या गावच्या पंपघरापाशी जाऊन उभा राहिला. पंप थांबला, एक माणूस विहिरीत उतरला आणि गाळाने भरलेली बादली घेऊन सावकाश वर आला.

"काय साहेब, पंप बघायला आलात का?" तोंड पुसत त्याने विचारले.

"नाही दादा," शिष्य म्हणाला, "तुम्हाला बघायला आलो."